चेहरा आठवतो, नाव निसटतं

साठी ओलांडलेल्या माणसांच्या चार तक्रारी घरोघरी ऐकू येतात. ‘चेहरा ओळखीचा आहे हो, पण नाव काही जिभेवर येत नाही.’ ‘बीपीची गोळी घेतल्याचं आठवतंय, पण ते आजचं की कालचं?’ ‘हे मला कुणीतरी सांगितलंय, कोण ते मात्र विचारू नका.’ चौथी तक्रार आजोबांची नसते, नातवंडांची असते: ‘आजोबा, ही गोष्ट तुम्ही परवाच सांगितलीत!’

चारही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एक आहे. चेहरा लक्षात असतो. नावही लक्षात असतं, कारण कुणी ते उच्चारलं की आपण लगेच ‘हां, तेच!’ म्हणतो. हरवतो तो त्या दोघांना जोडणारा धागा. गोळी आणि वार, बातमी आणि ती सांगणारा, गोष्ट आणि ती ऐकणारा, या सगळ्या जोड्याच आहेत. जोड्या लक्षात ठेवणाऱ्या या स्मृतीला मानसशास्त्रात साहचर्य स्मृती म्हणतात. वयाचा सगळ्यात मोठा फटका तिलाच बसतो. दोरीची दोन्ही टोकं शाबूत राहतात, सैल होते ती गाठ.

हे ध्यानात आलं की उपायांची दिशाही बदलते. एकूणच ‘स्मरणशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या गोळ्या, चूर्णं आणि खेळांच्या मागे लागण्यापेक्षा गाठ मारण्याच्या क्षणी थोडे जास्त कष्ट घेतलेले बरे. ते कसे घ्यायचे आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचं, हे या लेखात पाहू.

टोकं आणि गाठ

मोशे नावे-बेंजामिन या मानसशास्त्रज्ञाने २००० साली ही कल्पना नेमकेपणाने मांडली. अशा प्रयोगांची पद्धत साधी असते. समजा, तुम्हाला शब्दांच्या जोड्या दाखवल्या: छत्री–बटाटा, नदी–कुलूप, शिक्षक–खिडकी. थोड्या वेळाने दोन प्रकारचे प्रश्न विचारले. पहिला प्रश्न: ‘छत्री’ हा शब्द यादीत होता का? इथे सत्तरीतली माणसं विशीतल्या मुलांच्या फार मागे पडत नाहीत. दुसरा प्रश्न: ‘छत्री–कुलूप’ ही जोडी होती का? दोन्ही शब्द पाहिलेले असतात, पण एकत्र पाहिलेले नसतात. इथे वयस्कर माणसं बऱ्याचदा ‘होती की!’ म्हणून मोकळी होतात. २००८ मध्ये अशा ९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही हेच चित्र दिसलं. सुट्या गोष्टींपेक्षा त्यांची जोडी लक्षात ठेवताना वयाचा फरक जास्त जाणवतो.

नावांचं दुखणं तर सगळ्यांत वरचं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९८७ साली लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येक चेहऱ्यासोबत एक आडनाव व एक व्यवसाय सांगितला. काही शब्द असे होते की ते आडनावही होते आणि व्यवसायही. आपल्याकडे ‘सुतार’ आहे तसे. शब्द तोच असूनही, व्यवसाय म्हणून सांगितला तर तो चांगला लक्षात राहिला आणि आडनाव म्हणून सांगितला तर निसटला. कारण उघड आहे. ‘हे सुतारकाम करतात’ म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास, घरी दुरुस्तीला आलेला माणूस असं बरंच काही मनात जागं होतं आणि चेहऱ्याला चिकटायला दहा जागा मिळतात. ‘हे सुतार’ म्हटलं की नुसता आवाज उरतो. सुतार आडनावाचे गृहस्थ बँकेत असतात, नाहीतर शाळेत. नाव आणि चेहरा यांना बांधणारं कारणच नसतं, म्हणून ते तरुणांनाही जड जातं. वयाबरोबर ते अधिक जड होतं, एवढंच.

मेंदूत काय बदलतं

दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधण्याचं काम मेंदूच्या आत खोलवर, साधारण कानांच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे असतं. त्याचं महत्त्व कळलं ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाला अपस्माराच्या त्रासातून सोडवण्यासाठी त्याच्या मेंदूचा हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकण्यात आला. त्याची बुद्धी आणि बोलणं शाबूत राहिलं, लहानपणच्या आठवणीही राहिल्या, पण नवीन घटना मात्र मनात टिकेना. ब्रेन्डा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी पुढे कित्येक वर्षं त्याचा अभ्यास केला आणि तरीही प्रत्येक भेटीत त्याच्या लेखी त्या नव्यानेच भेटत होत्या.

निरोगी उतारवयात इतकं टोकाचं काही घडत नाही. हिप्पोकॅम्पसचं आकारमान वर्षाला साधारण एक ते दोन टक्क्यांनी घटत जातं. कपाळामागचा पुढचा मेंदूही वयाबरोबर आक्रसतो. कशाकडे लक्ष द्यायचं, कशाला बाजूला सारायचं आणि हे त्याला कसं जोडायचं, हे ठरवणारा हाच भाग. म्हणजे गाठ मारणारा आणि ती मारायची आज्ञा देणारा, दोघंही थोडे मंदावतात.

मेंदू मात्र गप्प बसत नाही. रॉबर्टो काबेझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुण, स्मृतीत मागे पडलेले वृद्ध आणि स्मृती तल्लख असलेले वृद्ध अशा तीन गटांच्या मेंदूंची तुलना केली. शब्द ऐकला होता की वाचला होता, हे आठवायचं होतं. म्हणजे पुन्हा जोडीचाच प्रश्न. तरुणांमध्ये आणि मागे पडलेल्या वृद्धांमध्ये पुढच्या मेंदूची मुख्यतः उजवी बाजू कामाला लागली. तल्लख वृद्धांमध्ये दोन्ही बाजू कामाला लागल्या. एका बाजूला झेपत नाही म्हटल्यावर दुसरी मदतीला आली, असा त्याचा अर्थ अनेक संशोधक लावतात.

पण मेंदू जितका जास्त पेटेल तितका चांगला, असा सरळ हिशेब मांडू नका. पुढच्या संशोधनात दिसलं की सोप्या कामालाच वयस्कर मेंदू जास्त ताकद लावतो आणि काम अवघड झालं की त्याची शिल्लक लवकर संपते. सौम्य विस्मरणाचा आजार सुरू झालेल्या माणसांमध्ये तर हिप्पोकॅम्पसचा एक भाग गरजेपेक्षा जास्त सक्रिय असतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अपस्माराच्या एका औषधाच्या अगदी अल्प मात्रेने ही सक्रियता कमी केली, तेव्हा त्या रुग्णांची स्मृतिचाचणीतली कामगिरी सुधारली. (याचा अर्थ ते औषध कुणीही घ्यावं असा मुळीच नाही.) तेव्हा मेंदूची लाल-पिवळी चित्रं दाखवून काही विकणारी जाहिरात दिसली, तर तिच्यावर भुलू नका.

आणखी एक गंमत. वय वाढलं की गाठी फक्त सुटतात असं नाही, नको तिथे बसतातही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१० मध्ये वयस्कर माणसांना चित्रं दाखवली आणि त्यांवर छापलेल्या शब्दांकडे दुर्लक्ष करायला सांगितलं. तरुणांनी ते शब्द खरोखर बाजूला ठेवले. वयस्करांच्या मनात मात्र ते शब्द त्या चित्रांशी नकळत जोडले गेले. टीव्ही चालू असताना सुनेने सांगितलेला निरोप आणि टीव्हीवरची बातमी यांची सरमिसळ होते, तिचा उलगडा कदाचित इथे असावा.

काय टिकतं

शब्दसंपदा, आयुष्यभराचं ज्ञान, माणसांची पारख या गोष्टी साठी-सत्तरीतही टिकून राहतात, काही वाढतातही. लहानपणी घोकलेली पावकी-निमकी आजी अजून धडाधडा म्हणते आणि नातू फोनमधलं कॅल्क्युलेटर शोधत बसतो. या जुन्या साठ्याचा उपयोग नव्या गाठींसाठी होतो. ॲलन कॅसल यांनी २००५ मध्ये तरुणांना आणि वृद्धांना किराणा मालाच्या किमती लक्षात ठेवायला सांगितल्या. किमती बाजारात असतात तशा रास्त होत्या, तेव्हा वृद्धांनी तरुणांची बरोबरी केली. किमती मनमानी, अवाच्या सवा होत्या, तेव्हा वृद्ध मागे पडले. वर्षानुवर्षं पिशवी घेऊन मंडईत जाणाऱ्याला मेथीची जुडी किती रुपयांच्या आसपास असते हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे आजचा भाव त्या माहितीला आपोआप जाऊन बसतो.

पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत: नवीन जोडीला जुन्या माहितीचा आधार द्या आणि ती जोडी मुद्दाम बांधा. तरुण मेंदू बऱ्याचदा न सांगता हे करतो. उतारवयात ते ठरवून करावं लागतं.

नावांसाठी

पहिलं काम म्हणजे नाव नीट ऐकणं. ओळख करून दिली जाते तेव्हा आपलं अर्धं लक्ष पुढे काय बोलायचं याकडे असतं. नाव कानावरून जातं, आत पोचतच नाही आणि मग आपण म्हणतो विसरलो. ऐकू आलं नसेल तर लगेच विचारा: ‘काय म्हणालात, नाव परत सांगा.’ मग तेच नाव घेऊन बोला: ‘बरं, मंदारराव, तुम्ही मूळचे कुठले?’

दुसरं, चेहरा आणि नाव यांच्यात एक वाक्य किंवा चित्र उभं करा. नावे-बेंजामिन यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं की शब्दांच्या जोडीचं वाक्य करायला सांगितलं आणि आठवतानाही त्याच वाक्याचा आधार घ्यायला सांगितलं, तर वृद्धांची पिछाडी बरीच भरून निघते. समजा, समोरच्या फ्लॅटमध्ये प्राजक्ता नावाची मुलगी राहायला आली. लिफ्टच्या दारात प्राजक्ताचा सडा पडलाय आणि ती फुलं वेचत वाकली आहे, असं चित्र मनात उभं करा. मराठीत ही सोय भरपूर आहे. प्रकाश, वर्षा, समीर, सरिता, हिरामण या सगळ्या नावांत चित्रं दडलेली आहेत.

आडनावात चित्र सापडलं नाही, तर त्या आडनावाचं माहितीतलं माणूस शोधा. दाताचे नवे डॉक्टर लागू असतील, तर डॉ. श्रीराम लागूंच्या ‘नटसम्राट’मधल्या वेशात त्यांना खुर्चीशेजारी उभं करा. चित्र जितकं विचित्र आणि तुमचं स्वतःचं, तितकं चांगलं. कुणाला सांगायचं नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नाव परत परत वाचण्यापेक्षा परत परत आठवून पाहणं. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. मधलं अंतर वाढवत नेणं आणखी चांगलं. नाव कळल्यावर एका मिनिटाने मनात आठवा, मग पाच मिनिटांनी, मग घरी परतताना, मग रात्री झोपताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवलं नाही तर डोकं खाजवत बसू नका, सरळ विचारा किंवा डायरीत पाहा. चुकीचं नाव दोनदा मनात घोळलं की तेच चेहऱ्याला चिकटून बसतं.

गोळ्या, किल्ल्या, आकडे

गोळी घेतली की नाही हा गोंधळ होतो, कारण रोजची गोळी सारखी, पेला सारखा, वेळ सारखी. कालच्या आणि आजच्या घटनेला वेगळं करणारं काही उरतच नाही. ही जोडी डोक्याने सांभाळायचा हट्ट सोडा. सात दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी ती भरा. आजचा कप्पा रिकामा दिसला की प्रश्न मिटला. त्याला जोड म्हणून गोळी घेताना मोठ्याने म्हणा: ‘आज गुरुवार, बीपीची गोळी घेतली.’ उच्चारलेली गोष्ट मनात वाचलेल्या गोष्टीपेक्षा जास्त टिकते. गोळी एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा: चहाच्या आधी किंवा देवापुढे दिवा लावून झाल्यावर. शंका आली तर ‘घेऊनच टाकू’ म्हणून दुसऱ्यांदा घेऊ नका. साखरेच्या, बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत ते धोक्याचं ठरू शकतं.

किल्ल्या, चष्मा, आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक यांना घरात कायमची एकेक जागा द्या आणि ती बदलू नका. ‘सुरक्षित राहावं म्हणून’ नव्या ठिकाणी ठेवलेली वस्तूच सगळ्यांत आधी हरवते, कारण तिची आणि त्या जागेची जोडी एकदाच बांधलेली असते. कागदावर लिहिणं, फोनमध्ये गजर लावणं, दाराला चिठ्ठी चिकटवणं यात कमीपणा नाही. मेंदूची शिल्लक मर्यादित असेल तर ती किल्ल्यांवर का खर्चायची?

आकड्यांना ओळखीच्या सालांचा आधार द्या. १९६० म्हणजे महाराष्ट्र राज्याची स्थापना, १९८३ म्हणजे कपिलदेवच्या संघाने जिंकलेला विश्वचषक. लॉकरचा, वहीचा, सोसायटीच्या दाराचा आकडा अशा ओळखीच्या तुकड्यांत पाडून पाहा. फक्त बँकेच्या कार्डाला जन्मसाल वापरू नका, ते कुणालाही ओळखता येतं.

कुणी सांगितलं, कधी सांगितलं

माहिती लक्षात राहते आणि ती कुठून आली हे पुसलं जातं, ही वयोमानातली सगळ्यांत महागात पडणारी चूक. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धांना आरोग्याविषयीची काही विधानं दाखवली आणि त्यातली अमुक खोटी आहेत असं स्पष्ट सांगितलं. तीन दिवसांनी विचारलं तेव्हा ज्या खोट्या विधानांबद्दल वारंवार सावध केलं होतं, तीच त्यांना जास्त वेळा खरी वाटली. विधान ओळखीचं झालं होतं, त्याला बांधलेली ‘खोटं’ ही चिठ्ठी मात्र गळून पडली होती.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रामबाण उपायांच्या बाबतीत हे रोज घडतं. म्हणून घरातल्यांनी ‘अमक्या काढ्याने मधुमेह बरा होतो हे खोटं आहे’ असं दहा वेळा सांगू नये. त्याऐवजी खरं तेच सरळ सांगावं: ‘मधुमेहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.’ खरं वाक्य ओळखीचं झालं, तर पुढे आठवेल तेही खरंच.

फसवणूक करणारेही याच फटीतून आत येतात. ‘काका, मागच्या आठवड्यात आपलं बोलणं झालं होतं ना?’ असं कुणी फोनवर म्हणालं की आपल्याला ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे कबूल करायला संकोच वाटतो. फोनजवळ एक वही ठेवा आणि प्रत्येक महत्त्वाच्या फोनसाठी तीन गोष्टी लिहा: कोण, कधी, काय. वहीत नोंद नाही, म्हणजे बोलणं झालेलं नाही, असं धरून चाला. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करा.

आणि अशी कामं शक्यतो सकाळी उरका. वयस्कर माणसांची स्मृती दिवसाच्या पहिल्या प्रहरी जास्त चांगलं काम करते, असं लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच दाखवलं आहे. बँक, विमा, डॉक्टरांची भेट, नवीन मोबाइल शिकणं हे सगळं सकाळी, टीव्ही आणि रेडिओ बंद ठेवून आणि एका वेळी एकच.

शरीराकडे लक्ष

गाठ मारायला मेंदू धडधाकट हवा. त्यासाठीचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चालणं. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वयस्कर माणसांचे दोन गट केले गेले. एक गट आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत भरभर चालू लागला. दुसऱ्या गटाने शरीर ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. गुडघे कुरकुरत असतील तर सपाट रस्ता, चांगले बूट आणि डॉक्टरांचा सल्ला, या क्रमाने सुरुवात करा.

दुसरा मुद्दा कानांचा. नाव नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात राहणार कसं? श्रवणयंत्राची लाज धरून माणसं गप्पांतून बाजूला होतात आणि मेंदूला मिळणारं खाद्य आपणहून कमी करतात. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी १४ टाळता किंवा सुधारता येण्याजोगी कारणं सांगितली. त्यांत कमी ऐकू येणं, अधू झालेली नजर, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य आणि एकटेपणा आहेत. ही सगळी कारणं हाताळता आली, तर जगभरातल्या जवळपास ४५ टक्के रुग्णांच्या बाबतीत आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

झोपेत दिवसभराच्या गाठी पक्क्या होतात. पण म्हणून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या सुरू करू नका. झोपेच्या काही गोळ्या आणि सर्दी-खाजेसाठी दुकानातून सहज आणलेली जुन्या पद्धतीची ॲलर्जीची औषधं उतारवयात विसराळूपणा वाढवतात. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवा. बंद काय करायचं हे ते ठरवतील. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता जास्त असते. ते आणि थायरॉइड तपासून घ्या. या दोन्ही कमतरतांनी विसराळूपणा येतो आणि दोन्हींवर उपचार आहेत.

शब्दकोडं आणि सुडोकू जरूर सोडवा, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्या कौशल्याचा सराव केला त्यातच सुधारणा झाली, बाकीची होती तिथेच राहिली. कोडं सोडवून माणूस कोड्यात हुशार होतो. उलट, काहीतरी नवं आणि कष्टाचं शिकण्याने आठवणींना हातभार लागतो, असं डेनिस पार्क यांच्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं. त्यांनी वयस्कर माणसांना तीन महिने, आठवड्याला सरासरी पंधरा तासांहून अधिक, गोधडीकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली. नुसत्या गप्पा, सहली करणाऱ्या गटापेक्षा शिकणाऱ्यांची घटना लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. ज्येष्ठ नागरिक संघात पत्ते खेळणं चांगलंच, पण त्यासोबत मोडी लिपी, पेटी, मोबाइलवर व्हिडिओ तयार करणं असं काही अवघड हाती घ्या.

डॉक्टरांकडे कधी

नाव आता आठवलं नाही आणि संध्याकाळी भाजी निवडताना आपोआप आठवलं, तर काळजीचं कारण नाही. कुणी पहिलं अक्षर सांगताच आठवलं, तरीही नाही. पण पुढच्यापैकी काही दिसलं तर वयावर ढकलू नका:

– नातवाच्या बारशाला गेलो होतो ही घटनाच आठवत नाही, आठवण करून देऊनही नाही
– एकच प्रश्न अर्ध्या तासात तीन-चारदा विचारला जातो
– रोजच्या वाटेवर रस्ता चुकतो
– वर्षानुवर्षं सांभाळलेला घरखर्चाचा हिशेब किंवा रोजचा स्वयंपाक जमेनासा होतो
– स्वभाव बदलतो: शांत माणूस संशयी होतो, बोलका माणूस बोलेनासा होतो

हे महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल तर आधी नेहमीचे डॉक्टर, मग मेंदूविकारतज्ज्ञ. अल्झायमर्सचा पहिला घाव हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागावर पडतो, म्हणूनच तज्ज्ञांच्या चाचण्यांत शब्दांच्या किंवा चेहरा-नावाच्या जोड्या हमखास असतात. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उद्‌भवला असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं किंवा पक्षाघात यांपैकी काही असू शकतं आणि तिथे वेळेला मोल आहे. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आलं. लपवण्यासारखं यात काही नाही. कुठे जायचं कळत नसेल तर केंद्र सरकारच्या १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

घरातल्यांसाठी

समारंभात भेटल्यावर ‘ओळखा पाहू मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नका. स्वतःच गाठ बांधून हातात द्या: ‘काकू, मी मधुरा, तुमच्या सुनीताची धाकटी, नाशिकला असते.’ यात नाव, नातं, गाव सगळं आलं. काकूंचा चेहरा उजळतो आणि गप्पा सुरू होतात.

‘आता वय झालं तुमचं’ हे वाक्यही जपून वापरा. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दोन गटांना तेच काम दिलं. एका गटाला ‘ही स्मरणशक्तीची चाचणी आहे’ असं ठसवलं, तेव्हा वृद्ध तरुणांच्या मागे पडले. दुसऱ्या गटाला स्मरणशक्तीचा उल्लेख न करता काम दिलं, तेव्हा दोघांत फरक राहिला नाही. परीक्षेच्या धास्तीने काय होतं ते यावरून कळतं.

आईवडिलांना गावाकडून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या घरी आणताना हेही ध्यानात ठेवा की त्यांच्या सगळ्या गाठी एका दिवसात बदलतात. दिव्याचं बटण, चहाचा डबा, बाथरूमची वाट, औषधाचं पाकीट, शेजाऱ्यांची नावं. गावी न विचारता चालणारं सगळं इथे आठवून करावं लागतं आणि मग ‘इथे आल्यापासून बाबा विसरायला लागलेत’ असं वाटतं. त्यांची खोली शक्य तितकी जुन्यासारखी लावा. पलंगाची बाजू तीच, देवांची मांडणी तीच, गोळ्यांची डबी त्याच हाताला. आणि नवीन गोष्टी दर आठवड्याला एक-दोनच शिकवा.

सुरुवात कुठून

सगळं एकदम करू नका. या आठवड्यात तीनच गोष्टी: गोळ्यांची सात कप्प्यांची डबी आणा, फोनजवळ वही ठेवा आणि ज्यांचं नाव नेहमी निसटतं अशा एकाच माणसाचं नाव चित्र करून, अंतराअंतराने आठवून पक्कं करा. रखवालदार असेल, भाजीवाली असेल, सुनेची मैत्रीण असेल. पुढच्या भेटीत त्यांना नावाने हाक मारा. ते जमलं की दुसरं नाव घ्या. यादी लांब असली तरी चालेल, घाई नाही.